खडूची खूण

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त होऊन उणकलला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात लिहीन असं ठरवलं होतं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नातीचं लग्न झालं. कारणं मिळत गेली.

मी किनाऱ्यावरच्या एका गोदीत सुपरवायझर होतो. नौदलाचं मोठं जहाज एका जागी एकसंध वाढत नाही. घराएवढे पोलादी ब्लॉक वेगवेगळ्या शेडमध्ये तयार होतात, त्यांच्यात पाइप, शिड्या बसवतात आणि मग क्रेनने उचलून ते एकमेकांना जोडतात. पुष्कळ ब्लॉक उलटे बांधतात, कारण वरून खाली वेल्डिंग करणं सोपं. अशा ब्लॉकमध्ये शिरलं की दाराचा उंबरठा डोक्यावर असतो आणि आपण छतावर चालत असतो. जेवणाच्या सुट्टीत हत्यारं थांबली की थंड होणारं पोलाद आतून कटकट वाजायचं. कुणीतरी आत राहून गेल्यासारखं.

माणूस बंद टाकीत उतरला की बाहेरच्याने हातोडीने तीनदा ठोकायचं आणि आतल्याने तीनदा उत्तर द्यायचं, अशी आमची रीत होती.

आमच्या गावाकडच्या कमरीपेठेतल्या एका वेल्डरला मीच तिथे कामाला लावलं होतं. त्या दिवशीच्या ब्लॉकमध्ये शेजारी-शेजारी दोन सारख्या टाक्या होत्या. एकीत हवा खेळवून, मीटर लावून तपासणी झाली होती. दुसरी कित्येक आठवडे बंद होती. बंद टाकीतलं लोखंड गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकतं. दिसत काही नाही, वासही येत नाही. मी वहीत लिहिलं होतं, 'डावी तपासली,' आणि त्या टाकीवर खडूने तशी खूण केली होती. मग क्रेनने ब्लॉक उलथून सुलटा केला. त्यात खडूची खूण पुसली गेली. मी वही बघून ती पुन्हा काढली, डाव्या टाकीवर. उलथल्यावर डावी बाजू उजवीकडे जाते, हे तिथल्या नवख्यालाही ठाऊक असतं.

"अण्णा, बघितलंय ना नीट?" त्यानं विचारलं.

"खूण दिसत नाही का?"

"दिसते हो. पण नक्की ना? नाहीतर हिच्या पोटात राहायचो आणि फुकटात समुद्र बघायचो."

"जा रे, किती विचारशील!"

तो हसत झाकण उघडून उतरला. थोड्या वेळानं मी तीनदा ठोकलं. आतून तीनदा उत्तर आलं. मी चहाला गेलो.

परत आलो तेव्हा तो तळाशी पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, उतरल्यावर दोन-चार मिनिटांतच गेला असणार. मग उत्तर कुणी दिलं? पोलादातून कुठलाही आवाज कुठेही पोचतो. पलीकडे कुणी तरी काम करत असेल, तसंच असणार. तरी अजून भर दुपारी आमच्या पाण्याच्या पाइपात हवा अडकून टकटक झाली की मी मोजतो. तीन झाले की ती थांबते.

सगळे त्याला वर काढण्यात गुंतले होते, तेव्हा मी शर्टाच्या बाहीनं ती खूण पुसली. चौकशीत लिहिलं गेलं की कामगार न विचारता आत गेला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

गेल्या महिन्यात कमरीपेठेत त्याच्या बायकोकडे गेलो. "बर्री अण्णा, कुंदरी," या, बसा असं कानडीत म्हणत तिनं खुर्ची पुढे केली, चहा आणला. त्याच्या फोटोकडे न बघताच म्हणाली, "ह्यांचा स्वभावच तसला. कुणाला विचारायचं म्हणून नाही. एवढी वर्षं झाली, मनात रागच आहे बघा. तुम्ही जवळ होता, एक शब्द विचारला असता तर?"

"अक्का," मी म्हणालो.

"काय हो?"

"चहा छान झालाय."

ती फाटकापर्यंत सोडायला आली. रिक्षा मिळेपर्यंत थांबली. तेव्हाही वेळ होता.

म्हणायचं होतं ते एवढंच. अक्का, त्यानं विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. खूण मी चुकीची काढली आणि मीच पुसली. त्याच्यावर रागावू नका. मला माफ करा.