मालूला चढवलेलं रक्त

बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या मालूच्या अंगात गावदेवी यायची. सासू वारली त्याच्या पुढच्या चैत्रात ती पालखीपुढे पहिल्यांदा घुमली, आणि तेव्हापासून पंधरा वर्षं तिनं अंग जपलं. सुतकाच्या घरचं पाणी प्यायची नाही, कुणाचं उष्टं खायची नाही.

यंदा माघात कोळंबीची पाटी उचलताना ती खाली बसली ती उठलीच नाही. मुलगा सुदेश तिला रिक्षात घालून ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. गर्भाशयात गाठी होत्या. कित्येक महिने अंगावरून जात होतं, हिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"हिमोग्लोबिन चार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन."

"नको. परक्याचं रगत अंगात गेल्यावर देवी माझ्यात कशी येल?"

सुदेश म्हणाला, माझं घ्या. त्याचा गट जुळला नाही.

मालूनं सिस्टरला विचारलं, "ज्याचं रगत हाय, त्याच्या घरात सुतक नाय ना?"

"मावशी, आम्हाला पिशवीवर फक्त नंबर दिसतो."

ते ऐकून ती जास्तच घाबरली. गावातल्या काळुराम भगताला फोन लावायला लावला. भगतानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मालू, ह्यात मना नको घालू, तुझं तू बघ," आणि त्यानं फोन ठेवला.

सून मेघाली पायथ्याशी बसली होती. "आई, तुमच्या अंगात येतं ना, तेव्हा मी दाराआड लपते. लग्न झाल्यापासून भिते मी. पण आज तुमची नखं बघून त्याहून जास्त भीती वाटतेय."

मालूनं नखं पाहिली. पांढरीफटक. "आण कागद," म्हणाली, आणि सही केली.

पिशवी लावून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, पलंग हलायला लागला.

"आली! रागावून आली!" ती ओरडली.

सुदेशनं हात जोडले. शेजारच्या पेशंटची बहीण चपला काढून उभी राहिली. सिस्टर धावत आली. आधी रक्त बंद केलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं, इंजेक्शन दिलं. "रिॲक्शन आहे, मावशी. होते कुणाकुणाला. माझ्याकडे बघा." थरथर थांबेपर्यंत तिनं मालूचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी नवी पिशवी लावली, तेव्हा मालू डोळे घट्ट मिटून देवीची माफी मागत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. चैत्रात पालखी निघाली. हिरवं लुगडं नेसून मालू पुढे उभी राहिली. ढोल वाजले, घाम फुटला, पण अंगात काही आलं नाही. पलीकडच्या आळीतली सरोज घुमायला लागली. बायका वळून मालूकडे बघत होत्या.

घरी येऊन तिनं मेघालीला विचारलं, "रागावली का गं माझ्यावर?"

"मला नाही माहीत, आई."

आता मालू पुन्हा बाजारात बसते. धाप लागत नाही. संध्याकाळी देवळात जाते, पण उंबरा ओलांडत नाही. पायरीवर उभी राहून हळूच विचारते, "येऊ का आत?" आणि थोडा वेळ थांबून परत फिरते.