ताटातली अर्धी भाकरी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. पण लासुर्ण्याजवळच्या वस्तीवरची ती भाकरी काही विसरत नाही.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. एका शेतकऱ्याला दुपारी विषबाधा झाली आणि त्याला बारामतीच्या दवाखान्यात बेशुद्धावस्थेत दाखल केलं. फवारणीचं औषध पोटात गेलंय, असं डॉक्टरांनी कळवलं. पाठोपाठ त्याचा चुलतभाऊ ठाण्यात हजर.

"सायेब, वैनीनंच घातलं. सकाळी माहेरी जायावरनं भांडाण झालं. सगळ्यांदेखत म्हणली, आज ह्या घरात अन्नाला शिवणार न्हाय. का शिवली न्हाय, तुमीच बगा!"

मुद्दा बिनतोड वाटला. पंचनाम्याला गेलो, तर नवऱ्याचं ताट घासून लख्ख. मी मनातल्या मनात आरोपपत्र लिहूनही टाकलं.

दोन दिवस तिला चौकशीला बोलावलं. "बाई, त्या दिवशी तुम्ही जेवलात का?" "न्हाय." पुढे नुसतं रडणं. शेवटी अटकेचे कागद तयार करायला घेतले, तेव्हा आमच्या हवालदारबाईंनी मला खोलीबाहेर काढलं आणि दोन चहा मागवले. आता त्याही निवृत्त झाल्या. अर्ध्या तासाने हसत बाहेर आल्या.

"साहेब, बाई जेवलीय. नवरा रानात गेल्यावर त्याच्या ताटात उरलेली अर्धी भाकरी अन् कालवण चोरून खाल्लं. कुणाला कळू नये म्हणून ताट घासलं."

मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती मान खाली घालून म्हणाली, "समद्या वस्तीसमोर उपाशी ऱ्हाते म्हणले हुते. सासूबाईंना काय तोंड दावू?"

तुरुंगापेक्षा फजितीची भीती मोठी! मी कपाळावर हात मारला.

त्याच ताटातलं खाऊन ती धडधाकट होती, म्हणजे विष जेवणात नव्हतं. रानात गेलो. वांग्याच्या बांधावर पंप, औषधाची बाटली आणि शेजारीच तंबाखूची पुडी. पुडी जप्त केली. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यानेच जबाब दिला: जेवून आल्यावर औषध हातानेच ढवळलं, हात न धुता त्याच तळव्यावर तंबाखू मळली.

बायकोवर काय बेतलं होतं ते मी त्याला सांगितलं. त्याचे डोळे भरले.

"जेवली म्हंजी ती? बरं झालं. तिच्यासाटीच अर्धी ठिवली हुती, सायेब. जेव म्हणायला तोंड न्हवतं."

मी बाहेर येऊन अटकेचे कागद फाडले. त्यांचं भांडण साऱ्या वस्तीने ऐकलं होतं आणि मीही तेवढंच ऐकून निघालो होतो. हवालदारबाईंनी चहा मागवला नसता तर मी त्या बाईला आत टाकलं असतं.