येळवशीची खुर्ची

येळवशीला आमच्याकडे घरात कुणी जेवत नाही. मार्गशीर्षातली ती अमावस्या आली की धाराशिवची दुकानं बंद, रस्ते ओस, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही तोही कुणाच्या तरी बांधावर पाहुणा म्हणून बसलेला असतो. आमचं शेत तेरजवळ. ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत लक्ष्मीची पूजा मांडायची आणि मग सगळ्यांनी मातीत बसून पालेभाजी-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली गार आंबील हाणायची. जेवण एरवीही चांगलंच असतं, पण मातीत बसलं की त्याची चवच निराळी. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, शेतात फारसं राबले नाही. तरी वर्षातला माझा सगळ्यात लाडका दिवस तोच.

गेल्याच्या गेल्या येळवशीला मी अशीच जेवून उठायला गेले आणि उठताच येईना. गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं. एक हात मातीत टेकला, मग दुसरा टेकला, मग लहान पोर रांगतं तशी झाले. शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून मला पोत्यासारखं उचललं. माझे यजमान मागून सूचना देत होते, "सावकाश, सावकाश, माल नाजूक आहे." सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात कुणीतरी ट्रॅक्टरमधून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि खोपीबाहेर थोरल्या जाऊबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवली. जाऊबाई माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या, मी त्यांना आक्का म्हणते. त्यांनी खुर्ची धरून तीनचार वर्षं झाली होती. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "ये, बस माझ्यापाशी. आता आपण दोघी पाटलिणी."

मी बसले, पण माझं डोकं तापलं होतं. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, खोपीतलं बोलणं अर्धं ऐकू येत होतं आणि आंबील द्यायला येणारी प्रत्येक सून वाकून, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तशी बोलत होती. घरी येताना गाडीत मी यजमानांना सांगून टाकलं, "पुढच्या येळवशीला मी खालीच बसणार. आणि उठणारही माझी मी. नाही जमलं तर शेतात येणारच नाही." ते म्हणाले, "बरं." माझ्या रागाला ते नेहमी बरं म्हणतात, त्यानं राग आणखी वाढतो.

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, मांड्यांत ताकद नाही, ती कमवा. तुळजापूर रस्त्याला टायरच्या दुकानावर एक जिम आहे. तिथले वस्ताद पन्नाशीचे, जुने पैलवान, कान मुडपलेले. सकाळी उशिरा, पोरं कामाला गेली की जिम रिकामी असते, तेव्हा या म्हणाले. मला वाटलं, हलके हलके रंगीत डंबेल देतील, हात वरखाली करायला लावतील. त्यांनी माझी कहाणी ऐकली, चप्पल बाहेर काढायला लावली आणि जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी बारकडे बोट दाखवलं.

"बाई, उठायचं हाय न्हवं? मग उठायचंच शिकायचं. हलकं उचलून जड उचलता येत न्हाय."

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर बार एका बाजूनं धरून कमरेकडे ओढला. जन्मभर घागर उचलायची तीच सवय, वजन आलं की कडेवर घ्यायचं. बार तिरका झाला, एका टोकाची प्लेट सटकली आणि खालच्या टायरवाल्यानं वर येऊन काय पडलं म्हणून विचारलं. वस्ताद पोट धरून हसले. "बाई, ही घागर न्हाय कडंवर घ्यायला!"

मग त्यांनी धडे दिले. दोन पायांत खांद्याएवढं अंतर. पाठ सरळ. पोटात श्वास भरून पोट घट्ट. आणि एक वाक्य, जे ते रोज म्हणायचे: "वजन वर वढायचं न्हाय, पायानं जमीन खाली ढकलायची." आधी काठी, मग नुसता बार, मग त्याला लहान प्लेटा. जमिनीवरून उचलायचं एक दिवस, खांद्यावर बार घेऊन बैठका एक दिवस. बैठकांना मागे स्टूल असायचं, त्याला बूड टेकलं की वर. दर काही आठवड्यांनी स्टूल आणखी बुटकं यायचं. तीस वर्षं मी पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्याचं हे उट्टं निघतंय असं यजमानांचं म्हणणं.

खायचंही बदललं. सकाळी नुसत्या चहावर निघणारी मी हुलग्याचं माडगं पिऊन निघू लागले. आणि खरं सांगते, मला मजा येऊ लागली. लोखंडाला तुमचं वय कळत नाही, ते वाकून मोठ्यानं बोलत नाही. उचललं तर उचललं, नाही तर पडून राहतं. मला हा सडेतोडपणा फार आवडला.

आक्कांचा फोन दर रविवारी यायचा. त्यांना माझा हा उद्योग काही केल्या कळत नव्हता.

"काय उचलतीस गं तितं?"

"लोखंड, आक्का."

"आन् कुठं नेतीस उचलून?"

"कुठं नाही. परत खाली ठेवते."

"मंग उचलतीस कशाला?"

मी म्हणायची, येळवशीला दाखवते.

दिवाळीनंतर मात्र माझी गाडी अडली. स्टूल काढलं होतं, बार खांद्यावर घेऊन मी पूर्ण खाली बसले आणि तिथंच राहिले. वर येईचना. बार दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांवर टेकवून मी खालून बाहेर निघाले आणि रागानं रडले. येळवस महिन्यावर आली होती आणि मला ती लाल खुर्ची दिसत होती. वस्तादांनी पाण्याची बाटली दिली. म्हणाले, "बाई, खाली बसता आलं का न्हाय? गुडघं दुखलं का?"

दुखले नव्हते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मंग आर्धं काम झालं. ऱ्हायलेलं आर्धं करू." त्यांनी दोन प्लेटा काढल्या आणि मला पुन्हा बारखाली उभं केलं.

येळवस आली. ज्वारी छातीला लागत होती, थंडीही बरी होती. खोपीबाहेर दोन खुर्च्या तयार होत्या. आक्का एकीवर बसल्या होत्या. दुसरीवर मी माझी पिशवी ठेवली आणि चप्पल काढून खोपीत मांडी घातली. सगळे जेवत होते, पण डोळे माझ्याकडे. मी मुद्दाम सावकाश जेवले, आंबील दोनदा मागून घेतली. मग पाय जवळ घेतले, श्वास भरला, पोट घट्ट केलं आणि जमीन खाली ढकलली. हात कुठेच न टेकता उभी राहिले. पुतण्यांनी शिट्ट्या मारल्या. यजमान म्हणाले, "बरं!" त्या दिवशी मात्र तो शब्द मला गोड लागला.

मी मिरवत बाहेर आले. आक्का मांडीवर ताट घेऊन बसल्या होत्या. भज्जीला हातही लावला नव्हता. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मला बी बसव की गं खाली."

त्यांची सून घाईनं म्हणाली, "आत्या, नगं. मंग उठवायचं कुणी तुमाला?"

"मी," मी म्हणाले.

दोघींनी धरून त्यांना खोपीत बसवलं. त्यांनी पाय लांब केले आणि उघडे तळवे मातीवर घासले. ताट खाली ठेवलं आणि वर्षभराची भूक असल्यासारख्या जेवल्या. लक्ष्मीपुढे स्वतःच्या हातानं आंबील शिंपली, नातवंडांना दामटलं, सुनेच्या भज्जीत मीठ कमी म्हणून खोड काढली. चारपाच वर्षं त्या बाहेर गप्प बसायच्या आणि आम्हाला वाटायचं, वय झालं, बोलणं कमी झालं. उन्हं कलली तरी त्या उठायचं नाव काढेनात.

शेवटी ट्रॅक्टर सुरू झाला. पुतणे पुढे आले, मी त्यांना हातानंच थांबवलं. पोत्यासारखं उचलणं कसं लागतं ते मला माहीत होतं. मी आक्कांसमोर पाय रोवून खाली बसले, त्यांचे पाय जवळ घ्यायला लावले, त्यांचे हात माझ्या गळ्यात घेतले आणि माझे त्यांच्या पाठीमागे बांधले. आंबिलीचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. श्वास भरला, जमीन ढकलली. त्या वर आल्या. माझ्या रोजच्या बारपेक्षा हलक्या होत्या, त्याचंच मला एकदम वाईट वाटलं.

त्या उभ्या राहिल्या, पण हात सोडेनात. माझ्या कानाशी म्हणाल्या, "सासू उचलली, सासरा उचलला, पोरं उचलली, घागरी तर किती. मला कुणी उचललं न्हवतं गं."

मी मिठी आणखी घट्ट केली.

"आता कुठं नेतीस मला?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाही, आक्का. इथंच ठेवते."

"मंग थांब की जरा," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही तशाच उभ्या राहिलो.