रंजिता उताणी पोहली

बोरी अरबपासून कोसभर आत एक तांडा आहे. त्या तांड्याच्या विहिरीत रंजिता राठोडसारखं पोट्टं आजवर उतरलं नाही, असं छातीठोकपणे सांगणारे वीस-पंचवीस जण तुम्हाला सहज भेटतील. तिची आई लालीबाई मात्र त्यांच्यात नाही. तिला विचारलंत तर ती म्हणेल, "पोट्टी हाये का बेडकी, मले तेच समजत नाई."

रंजिता अकरा वर्षांची, सहावीतली. अंगानं तुराटी आणि आवाजानं भोंगा. पाचव्या वर्षी बापानं, देवीलालनं, कमरेला दोर बांधून तिला विहिरीत सोडलं. आठव्या दिवशी तिनं स्वतःच गाठ सोडली आणि दोर वर फेकून दिला. तेव्हापासून तांड्यात कोणाची बादली बुडाली की हाक रंजितालाच. अंधाऱ्या पाण्यात चाचपत जायची आणि बादली डोक्यावर उलटी घालून वर यायची.

विहीर जुनी, दगडी, वीसेक फूट रुंद. चार-पाच हात मारले की भिंत आलीच. मग दोन्ही पाय भिंतीला लावायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि स्वतःला समोरच्या भिंतीकडे भिरकावून द्यायचं. रंजिताचं निम्मं पोहणं म्हणजे हे भिंतीवरून सुटणंच. उरलेलं निम्मं म्हणजे मुटका, नाक धरून, गुडघे छातीशी घेऊन वरच्या काठावरून धपकन उडी. ज्याच्या मुटक्याचं पाणी काठावर बसलेल्यांना भिजवील तो खरा, असा तिथला कायदा.

लालीबाईनं यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. लहानपणी माहेरच्या नाल्याला पूर आला तेव्हा ती वाहून चालली होती, कोणीतरी केसांना धरून बाहेर ओढली. त्यानंतर ती कुठल्याही पाण्याच्या दहा हातांच्या आत गेली नाही. तांड्यावर नळ आला त्या दिवशी तिनं नारळ फोडला. लेकीला ती रोज बजावायची आणि ते रोज पालथ्या घड्यावर पाणी व्हायचं.

अशात शाळेतल्या विमलताईंनी रंजिताचं नाव जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत घातलं. चौदा वर्षांखालच्या मुली, पन्नास मीटर फ्रीस्टाइल, पहिल्या दोघी पुढं अमरावतीला. विमलताई घरी आल्या तेव्हा लालीबाई चुलीपुढून उठलीही नाही. तिथूनच तिनं लेकीला निकाल सांगून टाकला. "पयल्या दोघीत आली त पोह जलमभर. नाई आली त विहिरीत उतरनं बंद. मंग मले रडून दाखवाचं नाई."

"कबूल," रंजिता म्हणाली. देवीलालला घाम फुटला, पण शब्द गेला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी यवतमाळच्या पोहण्याच्या तलावावर सगळे पोचले. लालीबाई सगळ्यात वरच्या पायरीवर, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. बाकीच्या आया लेकी जिंकाव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसल्या होत्या. लालीबाईनंही घातले होते, पण लेक हरावी म्हणून. तिला लेक जिवंत हवी होती, एवढंच.

शर्यतीआधी मुलींना थोडा वेळ पाण्यात सोडलं. रंजिता उतरली, दोन हात मारले आणि एकदम काठाची दांडी गच्च धरून बसली. तोंडचं पाणी पळालेलं. देवीलाल पायऱ्या उतरून धावत गेला आणि तसाच धापा टाकत वर आला.

"भेली ते."

"कायले? पाण्यात तर राह्यते ते."

"खालचं दिसते म्हनते. पांढरी फरशी, काळा पट्टा, अन् तिची सावली. म्हनते, उंचावर लटकल्यावानी वाटून राह्यलं, आता पडतो का मंग पडतो."

विहिरीचं पाणी हिरवं-काळं. त्यात स्वतःचं कोपरसुद्धा दिसत नाही, मग तळ कुठला दिसायला. सहा वर्षं ही पोर ज्या पाण्यात राहिली त्याची खोली तिनं कधी पाहिलीच नव्हती. आज पहिल्यांदा पाहिली, आणि ती आपल्या आईसारखीच भ्याली.

देवानं लालीबाईचं ऐकलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दांडीला चिकटलेलं ते ध्यान आपलं नव्हेच, असं तिला वाटलं.

खाली रंजिता विमलताईंना काहीतरी विचारत होती. विमलताई टेबलाशी बसलेल्या पंचांकडे गेल्या, हातवारे झाले, पंचांनी मान हलवली. मग रंजितानं दांडी सोडली, पाण्यावर उताणी झाली आणि आभाळाकडे बघत पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेली. तिचे ओठ हलत होते.

"हे काय करून राह्यली?" लालीबाईनं विचारलं.

"हात मोजून राह्यली," देवीलाल म्हणाला. तो पुन्हा खाली जाऊन सगळं विचारून आला होता. "फ्रीस्टाइलमंदी कसंबी पोहलं त चालते म्हनते. उताणं पोहलं की तळ दिसत नाई. पन भिंतबी दिसत नाई. म्हून मोजते. छत्तीस हातानं भिंत." ही युक्ती कोणाची, ते लालीबाईला विचारावं लागलं नाही. त्याची मान आपोआप ताठ झाली होती.

शर्यतीला सहा जणी उभ्या राहिल्या. पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. शिट्टी झाली, पाच जणींनी सूर मारला. रंजितानं नाक धरलं, गुडघे छातीशी घेतले आणि मुटका मारला. वेळ टिपणाऱ्या गृहस्थांचा कागद भिजला. पायऱ्यांवर हशा पिकला. ती वर आली, उताणी झाली आणि हात फिरवू लागली, तेव्हा तर कोणीतरी म्हणालं, "अरे, ही झोपली की काय." लालीबाईनं वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो पुढं शर्यतभर बोलला नाही.

पहिल्या भिंतीशी रंजिता पाचवी होती. बाकीच्या मुली वळल्या आणि पोहू लागल्या. रंजितानं काठ धरला, पाय भिंतीला लावले, गुडघे पोटाशी घेतले आणि सुटली. तशी सुटताना लालीबाईनं तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दोन मुली तर त्या एका झेपेतच मागं पडल्या. हनुवटी वर, डोळे आभाळात, ओठ मोजतायत, आणि हात एकामागून एक, न चुकता. सहा वर्षं जे पोटच्या पोरीला करू नको म्हणून सांगितलं, ते ती इतकं सुंदर करते हे लालीबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल, तर तिनं ऐकलं नव्हतं. ती उभी राहिली. आपण किती पायऱ्या खाली आलो याची तिला शुद्ध नव्हती.

गणित एकाच ठिकाणी चुकलं. मोजताना रंजितानं भिंतीला जोर लावला नव्हता, शर्यतीत जीव खाऊन लावला. छत्तीस हात व्हायच्या आतच भिंत आली. ठण्ण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. डोकं भिंतीला लागलं तरी भिंत लागलीच, पंचांनी वेळ टिपली. रंजिता तिसरी. दुसरीच्या मागं फक्त एक वीत.

देवीलालनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मधेच हात थांबवले.

रंजिता बाहेर आली. डोक्यावर टेंगूळ, ओठ घट्ट मिटलेले. समोर आई उभी होती, पाण्यापासून चार हातांवर. रंजिता रडली नाही.

"तिसरी आली, याडी," ती आईला म्हणाली. "बंद म्हंजे बंद. मी कबूल केलतं."

लालीबाईनं टेंगळावर हात ठेवून पाहिला. मग ती वळली आणि तलावाच्या काठाकाठानं, ओल्या फरशीवरून, थेट पंचांच्या टेबलापाशी गेली. पाणी तिच्या पावलापासून एक हातावर होतं. ती तिकडे बघत नव्हती, पण थांबलीही नाही.

"साहेब, पुढल्या सालचं नाव आताच लेहून घेता का?"

पंच हसले. "ते शाळेकडून येतं, ताई. पुढच्या वर्षी."

"मंग तोवर पोट्टीनं काय करावं?"

"सराव करावा. रोज."

लालीबाई परत आली. नवरा आणि लेक दोघंही तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं रंजिताच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोकं जरा जास्तच जोरात पुसायला लागली.

"आता इलाज नाई," ती म्हणाली. "साहेबानं रोज पोहाले सांगतलं हाये."