निराधारच्या यादीतून

लहानपणी पोलिओ झाल्यापासून ताहिराच्या डाव्या पायात आधाराचा लोखंडी कॅलिपर होता. दापोलीजवळच्या गावात ती भावाकडे राहायची. दर महिन्याला खात्यावर सरकारची निराधार पेन्शन यायची. रक्कम थोडी, पण तिच्या एकटीची. ईदला भाच्यांना ती त्यातूनच कपडे घ्यायची.

चाळिशी उलटल्यावर तिला सर्फराजचं स्थळ आलं. तो विधुर, कुवेतमध्ये टेक्निशियन, शांत माणूस. निकाह झाला, व्हिसा आला आणि ताहिरा कुवेतला, त्याच्या मंगफ भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

काही महिन्यांनी भावाचा, फैसलचा फोन आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची वेळ झाली होती.

"तू हितंच हायस असं सांगतो. कोण बघायला येतंय?"

"नको. माझा नवरा कमावता आहे, मी इथे राहते. नाव कमी करायला सांग."

"आपल्या हातानं तोडतेस गो!"

"खोटं बोलून घेतलेलं मला पचायचं नाय."

पेन्शन बंद झाली. सर्फराज कशाला नाही म्हणत नसे, पण साध्या तेलाच्या बाटलीसाठीही त्याला सांगावं लागे आणि सांगताना तिची जीभ अडखळे. कॅलिपरचा चामडी पट्टा तुटला, तेव्हा तिने जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली.

एका शुक्रवारी दोघं अबू हलीफाच्या किनाऱ्यावर गेली. चार पावलं चालून ती बाकावर बसली. पट्टी घासून तिच्या मोज्यावर रक्त आलेलं दिसलं तसा सर्फराज खाली वाकला.

"हे कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"मला सांगितलं नाहीस? मी नको म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं. पण मागावं लागलं असतं."

त्याचा चेहरा उतरला. तसाच तो तिला फहाहीलच्या बाजारात घेऊन गेला, पट्टा नवा बसवून घेतला. परतताना म्हणाला, "दर महिन्याला तुझ्या खात्यावर पैसे टाकीन. हिशेब विचारणार नाही."

"तो तुमचा चांगुलपणा. पण उद्या तुम्हाला काही झालं, नाहीतर मनच फिरलं तर? पेन्शन कुणाच्या मर्जीवर नव्हती."

सर्फराजला ते लागलं. दोन दिवस तो कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "तुझं खरं आहे. मी तसा विचारच केला नव्हता."

पुढच्या सुट्टीत दोघं दापोलीकडे, त्याच्या गावी गेली. त्याने स्वतःच्या कमाईने बांधलेल्या घराचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने ताहिराच्या नावावर केला. त्याची बहीण चिडली. "लग्नाला वर्ष नाय झालं, नि घर दिलंस?"

"ती हक्काचं सोडून माझ्याकडे आली," तो म्हणाला. "माझ्याकडेही तिला हक्काचं काही नको?"

नोंदणी करून बाहेर पडल्यावर दापोलीच्या बाजारात ताहिरा एका दुकानासमोर थांबली.

"मला चांगले बूट घ्यायचेत," ती म्हणाली. "पैसे काढा."

या वेळी तिची जीभ अडखळली नाही.