गोफणगुंड्यावरचा अंगठा

इंझोरीत ज्वारीला दाणा भरला की उकंडरावांच्या वावरातून राखणदार देवमनची हाक उठायची आणि अर्ध्या शिवारातली पाखरं आपलं बिऱ्हाड उचलायची. त्या साली, म्हणजे पंचाहत्तरच्या आखाडात, देवमन तापाचं निमित्त होऊन गेला. दाणा भरला दिवाळीच्या तोंडावर. माणूस गेला, पण हाक काही गेली नाही, असं सगळं गाव म्हणू लागलं.

गवत कापताना गंगूनं ऐकली. सडकेवरून बैलगाडी नेताना लालसिंगानं ऐकली, आणि बैलही थबकले म्हणे. ज्याला त्याला ऐकू यायची, आणि जो तो ते सांगायला देवमनच्या बायकोकडे, पंचफुलाकडे, यायचा. ती हूं हूं करायची, चहा ठेवायची आणि आतून जळायची. कारण तिला ती हाक एकदाही ऐकू आली नव्हती.

देवमनचे पाय जन्मापासून वाळलेले. गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून तो हातांवर चालायचा. दंड मात्र असे, की पहिलवानानं पाहिले तर गुपचूप सदरा घालून घ्यावा. मचाणाच्या शिडीवर धडधाकट माणूस अर्ध्यात दम खाई, तोवर हा वर बसून बिडी पेटवी. भीमजयंतीला गाडीत पुढं बसून ढोलकी वाजवायची, गळा फुटेस्तोवर गायचं आणि वरून भांडणंही करायची. कोणी 'बिचारा' म्हटलं तर त्याच्या डोक्यावरची टोपी गोफणगुंड्यानं उडालीच समजा. टोपीखालचं डोकं शाबूत राहायचं, एवढी नेमबाजी.

ते गुंडे तो स्वतः करायचा. उन्हाळ्यात काळी माती भुशात मळायची, गोळे वळायचे आणि गोफणीत नीट बसावेत म्हणून एकेकात अंगठा दाबून उन्हात वाळवायचे. जमिनीवर पडले की भुगा. दगड वापरला तर नांगराचा फाळ मोडतो, म्हणून माती.

लग्नही त्यानं असंच जमवलं. पंचफुला शेजारच्या वावरात निंदायला यायची. एके दिवशी तिच्या पुढ्यात ढेकूळ पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंगाला कधी लागायचं नाही, पण चुकायचंही नाही. तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन ती मचाणाखाली जाऊन उभी राहिली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मले तुह्याकडं येता येत नाई," तो म्हणाला. "म्हणून ढेकूळ धाडलं."

तरी ती भांडूनच परतली. पण चौथ्या दिवशी ढेकूळ यायला उशीर झाला तेव्हा तिचं निंदण्यात लक्ष लागेना. पुढं जन्मभर तेच. पाणी हवं असो, भाकर हवी असो की नुसता जीव कंटाळलेला असो, ढेकूळ पडायचं आणि ही कुरकुरत उठायची.

म्हणूनच तिला राग होता. जन्मभर मला बोलावलं, आणि आता गावाला हाका मारतोस?

धाकटा दीर जगदेव समजावायचा. वहिनी, आपण दीक्षा घेतली, भूतबित काही नसते. तिलाही ते मान्य होतं.

"नसू दे," ती म्हणायची. "मंग सगळ्यायलेच काहून ऐकू येते?"



तिकडं उकंडरावांची पंचाईत झाली. देवमनच्या मचाणावर चढायला एक माणूस तयार होईना. शेवटी ते पंचफुलाच्या अंगणात आले आणि म्हणाले, राखण तूच कर, देवमनले देत होतो तेवढीच ज्वारी तुलेही देईन. ती लगेच हो म्हणाली. ज्वारी तर हवीच होती, पण खरं सांगायचं तर ती गेली हाक ऐकायला.

मचाणावर गुंड्यांचं मडकं तसंच भरलेलं होतं. तिनं एक उचलला. त्यावर त्याचा अंगठा, अगदी कडेच्या रेघांसकट. तिनं आपला अंगठा त्यात ठेवला तर जागा उरली. दिवसभर ती तो गुंडा हातात घेऊन बसली. फेकला की त्याचा भुगा, आणि मग तो अंगठा दुनियेत कुठं मिळणार? ती हातवारे करून पाखरांना हाकायची. राघूंनी तिला जुमानलं नाही. हाकही आली नाही.

चार दिवसांत एक कोपरा साफ झाला. उकंडराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं वर्ष त्या वावरात उभं होतं.

"पंचफुले, गुंडे भरून असून हात कायले बांधून बसली?" ते खालून म्हणाले. "उद्यापासून फेकणं नसंन तं मी मचाण मोडतो."

मचाण मोडलं तर तो येणार तरी कुठं? तिनं गोफण उचलली. आपला अंगठा त्याच्या अंगठ्यात घातला, गुंडा गोफणीत ठेवला, भिरकावला. तो तिच्याच मागं पडला. ती रडली आणि देवमनला शिव्या देत बसली, की एवढं जगभराचं शिकवलंस, हे शिकवायला काय झालं होतं.

हळूहळू हात बसला. पाखरं उठू लागली. रोज मडक्यात हात खोल जाऊ लागला. घरी येताना कोणी ना कोणी सांगायचंच, आज देवमनची हाक आली बरं. ती मान डोलवून पुढं निघायची. तिच्या कानात नुसता वारा.

कापणी तोंडावर आली आणि मडकं संपलं. शेवटचा गुंडा तिनं खूप वेळ धरून ठेवला. मग राघूंचा थवा उतरला आणि तोही गेला.

ऊन कलत होतं. वारा नव्हता. पंचफुला खाली उतरली, वावराच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं एक ढेकूळ घेऊन पुन्हा वर चढली. गोफणीत ते घातलं नाही. तो हातांवर ज्या पायवाटेनं यायचा, तिच्यावर अलगद टाकलं.

"आता मले तुह्याकडं येता येत नाई," ती म्हणाली. "म्हणून धाडलं."

काही झालं नाही. पंचफुला तशीच वाटेकडं बघत राहिली. मग पार पलीकडं, कडुलिंबाच्या कोपऱ्यात, जिथं कोणी काही फेकलं नव्हतं, तिथली सगळी पाखरं एकदम उठली. पूर्वी फक्त त्याच्यासाठी उठायची तशी. त्यानंतर अलीकडची उठली, आणि मग वाटेच्या कडेची.

हाक तिला याही वेळी आली नाही. खाली शिडी करकरली.

पंचफुलानं वळून पाहिलं नाही. ती सरकून बसली आणि बाजूला एका माणसापुरती जागा केली.