स्कार्फला हात

माझ्या मोठ्या दिरांनी भरल्या साखरपुड्यात माझ्या मुलीच्या तोंडावरचा स्कार्फ ओढून काढला. त्यांनी माफी मागावी, हा हट्ट मी अजून सोडलेला नाही. लोक म्हणतात, किती ताणाल? ताणणार. हातगाडीवर टॉवेल विकत नव्या पेठेत दुकान उभं केलं, ते काय लगेच नमतं घेऊन?

उन्हाळ्यात इथल्या सगळ्याच मुली तोंड बांधून गाडीवर फिरतात. माझी नववीतली पोर घरात आली तरी स्कार्फ सोडेना. चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या, त्यात वर्गातल्या मुलींनी तिचा फोटो ग्रुपवर फिरवलेला. "हा चेहरा माझा नाहीच," म्हणायची. जेवायची तीही भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ओढाताण करू नका, तिचं ती सोडेल. आणि सोडत होती की! घरात स्कार्फ हनुवटीखाली आला, आमच्यासोबत ताटावर बसू लागली. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला तोंड बांधून का होईना, स्वतःहून आली.

दीर शाळामास्तर. सगळा जन्म पोरांत गेलेला. "काय गं, दरोडा टाकायला आलीस का?" म्हणत त्यांनी फोटोवाल्यासमोर स्कार्फ ओढला. सगळे हसले. पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी. त्यानंतर खोलीचं दार बंद, शाळा बंद, ताट दाराबाहेर.

मी निरोप धाडला: लग्नात, याच लोकांसमोर माफी मागायची. जाऊबाई धावत आल्या.

"चेष्टा केली हो त्यांनी. फोनवर बोलतील की."

"फोनवर ओढला होता का?"

"बरं, घरी येऊन बोलतील."

"घरी ओढला होता का?"

नवरा म्हणाला, "अगं, मिटव आता. मोठे आहेत ते."

"मोठे आहेत म्हणूनच!"

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. तोंड बांधलेलंच होतं.

"आई, येईल त्याला तू तेच सांगतेस. दर वेळी मी परत तिथंच उभी राहते. लग्नाला मी येणार. बोलायचं ते मी बोलेन. तू गप बसायचं."

लग्न कुंभारीजवळच्या कार्यालयात होतं. दीर हसत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला.

"हात नाही लावायचा, काका."

अक्षता घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. दिरांचा हात तसाच राहिला. या वेळी कुणी हसलं नाही. पंगतीत तिनं स्कार्फ स्वतःच हनुवटीखाली घेतला आणि पोटभर जेवली. मी शेजारी दात आवळून बसलेली.

येताना म्हणाली, "झालं ना आता?"

तिचं झालं असेल. सोमवारपासून शाळेत जाऊ लागली. माझं झालेलं नाही. दीर अजून आमच्या दुकानावरून मान वळवून जातात, आणि ते दिसले की मी हातातलं गिऱ्हाईक सोडून पायरीवर येऊन उभी राहते.